आधी नाटक उभं करा, भांडण मग

गोव्यात कुठल्याशा जुन्या घराच्या माळ्यावर नाटकाची हस्तलिखित वही सापडली की पुढचा क्रम ठरलेला असतो. वर्तमानपत्रात फोटो येतो: कसरीने कडा खाल्लेली पिवळी पानं आणि ती हातावर तोलून उभे राहिलेले घरचे वारस. मग दोन गट पडतात. पहिला म्हणतो, हे नाटक संगीत नाटकाचे जनक मानले जाणारे अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या आधीचं. संगीत नाटक गोव्यात जन्मलं हे आता तरी पुण्या-मुंबईने कबूल करावं. दुसरा म्हणतो, दमानं घ्या. कागद कुठला, शाई कुठली, अक्षर कुणाचं हे ठरू द्या, पाठभेदांसह चिकित्सक आवृत्ती निघू द्या, तोवर वहीला कुणी हात लावू नका. काही दिवस वाचकपत्रं चालतात, एखादा परिसंवाद होतो, त्यात दोन्ही गटांची माणसं एकाच मंचावर बसून एकमेकांचं न ऐकता बोलतात. मग वही पुन्हा रुमालात बांधली जाते. एक साधा प्रश्न या गडबडीत राहूनच जातो. हे नाटक लागणार कधी?

माझं म्हणणं असं की तो प्रश्न शेवटचा नाही, पहिला आहे. वहीच्या प्रत्येक पानाचे नीट फोटो काढावेत, मूळ कागद जपणुकीला द्यावा आणि वर्ष उलटायच्या आत नाटक उभं करावं. गावच्या नाट्यमंडळाने, दशावतारी नटांना, कीर्तनकारांना, भजनी पेटीवाल्यांना सोबत घेऊन. चिकित्सक आवृत्ती त्यानंतर निघावी आणि तालमीत जे हाती लागलं ते त्या आवृत्तीत यावं. हे मी नाटकाच्या वेडापायी म्हणत नाही. या जातीची वही प्रयोगाशिवाय पुरती वाचताच येत नाही, म्हणून म्हणतो.

आधी पहिल्या गटाचं बघू, कारण त्यांचं दुःख खोटं नाही. मराठी रंगभूमीचा इतिहास बहुतेक घाटावर बसून लिहिला गेला. त्यात गोवा येतो तो गळे पुरवणारा प्रांत म्हणून. मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई. १९६४ साली गोवा हिंदू असोसिएशनने ‘मत्स्यगंधा’ रंगमंचावर आणलं. संस्था गोंयकारांची, संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं, पण नाटक लिहिलेलं नाशिकच्या कानेटकरांनी. गायचं आम्ही आणि लिहायचं इतरांनी, ही वाटणी इतिहासाने इतकी अंगवळणी पाडली आहे की डोंगरीचे कृष्णंभट्ट बांदकर (१८४४–१९०२) हे नाव गोव्याबाहेरच्या किती नाट्यरसिकांना ठाऊक असेल याची शंकाच आहे. बांदकरांची ‘नटसुभद्राविलास’, ‘शुकरंभासंवाद’ ही पदांनी भरलेली नाटकं किर्लोस्करांच्या आधीची, असा दावा गोव्यात वर्षानुवर्षं होत आला आहे. अण्णासाहेबांचं ‘शाकुंतल’ पुण्यात १८८० साली आलं, ‘सौभद्र’ १८८२ साली. सुभद्रेचीच कथा, पदांचाच आधार आणि लिहिणारा गोव्यातला भट. इतकं असूनही आपलं नाव पहिल्या पानावर नाही, तर चीड यायचीच.

पण ही चीड नाटकाच्या उपयोगी पडते का? समजा उद्या निर्विवाद सिद्ध झालं की अमुक वही १८८० च्या आधीची आहे. काय बदलेल? त्या वहीतलं एकही पद त्याने लोकांच्या तोंडी बसणार नाही. ‘पहिलं’ कोण याची शर्यत तशीही निसरडी आहे. विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ १८४३ सालचं, आणि ५ नोव्हेंबरला आपण सगळे त्याचाच रंगभूमी दिन साजरा करतो. पण तंजावरच्या भोसले राजांच्या पदरी त्याआधी दीडशे वर्षं मराठी नाटकं लिहिली जात होती. शाहजीराजांचं ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ सतराव्या शतकाच्या अखेरीचं धरतात. ती हस्तलिखितं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सापडली तेव्हा भाव्यांचं काही बिघडलं नाही आणि तंजावरच्या नाटकांनाही महाराष्ट्रात प्रेक्षक मिळाला नाही. पुरावा मिळाला, इतकंच.

याहून बोलकं उदाहरण महात्मा फुल्यांचं आहे. ‘तृतीय रत्न’ त्यांनी १८५५ साली लिहिलं, ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडलं आणि कमिटीने ते नाकारलं. ही गोष्ट त्यांनी स्वतः ‘गुलामगिरी’त नोंदवली आहे. नाटक छापून आलं ते १९७९ साली, म्हणजे १२४ वर्षांनी. लेखनाच्या तारखेने पाहिलं तर सामाजिक प्रश्नावरचं स्वतंत्र मराठी नाटक म्हणून ते ‘शाकुंतल’च्या पंचवीस वर्षं आधीचं ठरतं. पण या मधल्या काळात ते वाचून किंवा पाहून कुणी दुसरं नाटक लिहिलं का? एखाद्या कुणब्याने खेळात बसून नाटकातल्या लुबाडणाऱ्या जोशीबुवाची पोल खुलताना पाहिली का? कमिटीने केलेलं खरं नुकसान हे आहे. ज्यासाठी ते लिहिलं होतं, तो प्रेक्षक त्याला मिळाला नाही. आज वही सापडल्यावर तारखांवर भांडत बसणारे आपण त्या कमिटीपेक्षा फार निराळं काही करतो आहोत असं मला वाटत नाही. तिने नाटक नाकारून अडवलं, आपण गौरव करून अडवतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, म्हणजे वहीत असतं काय याकडे. जुन्या गोमंतकीय किंवा कोकणी पद्धतीचं बाड उघडलं की अनेकदा नुसती पदं दिसतात. साकी, दिंडी, कामदा अशा छंदांतली, मध्येच एखादा श्लोक. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे दोन शब्द. गद्य जवळपास नाहीच. कुठं ‘सुभद्रा प्रवेश करते’, कुठं ‘भाषण होते’, बस्स. अभ्यासक हे पाहून शेरा मारतात: संहिता अपूर्ण. खरंच अपूर्ण आहे का? भाव्यांची नाटकं अशीच होती. सूत्रधार पदं म्हणायचा आणि त्याला धरून पात्रं आयत्या वेळी आपापली भाषणं करायची. १८८५ साली त्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ छापला गेला तो कवितांचाच, कारण लिहिलेलं होतं तेवढंच. पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत दशावतारी आजही तेच करतात. रंगायच्या आधी कथानक ठरतं, कुणी कुठं यायचं हे ठरतं, आणि पेटी-मृदंग सुरू झाले की रात्रभराची भाषणं पात्रांच्या तोंडून जागच्या जागी येतात. अशा नाटकाचं बाड म्हणजे सामानाची यादी. कृती रांधणाऱ्याच्या हातात. यादीत कृती नाही म्हणून स्वयंपाक अपुरा, असं कुणी म्हणेल का?

म्हणून असं बाड दशावतारातल्या मुरलेल्या नटापुढे ठेवलं तर तो ‘अपूर्ण’ म्हणणार नाही. तो विचारेल, या पदानंतर राक्षस येतो ना? मग इथं भांडण वाढवायला जागा ठेवली आहे. जे अभ्यासकाला कोरं पान वाटतं ते नटाला मोकळं रान वाटतं. ही जाण ग्रंथालयात कशी येणार? आणि ज्या वह्यांत गद्य असतं त्यांचीही गत वेगळीच. मंडळीत प्रत्येक नटाला सगळं नाटक लिहून देत नसत; त्याला त्याची ‘नक्कल’ मिळे, म्हणजे फक्त त्याची भाषणं आणि त्याआधीच्या भाषणाचे शेवटचे दोन-चार शब्द. एका घरात अर्जुनाची नक्कल, शेजारच्या वाड्यावर कृष्णाची, बलरामाची वाळवीने खाल्लेली. संपादक एकटा बसून या नकला जोडायला गेला तर त्याच्या हाती येतील तुटक वाक्यं. चार जण समोरासमोर उभे राहून बोलायला लागले की पहिल्याच तालमीत कळतं, कुणाच्या वाक्याला कुणाचं उत्तर होतं आणि कुठलं पान हरवलं आहे.

चालींचं तर विचारूच नका. ‘चाल: अमुक’ असं लिहिणाऱ्याने ते अमुक गाणं साऱ्या गावाला येतं असं गृहीत धरलं होतं. आज ते गाणं कुणाला येत असेल तर देवळातल्या भजनाच्या फडात मागे बसणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला, नाहीतर लग्नाच्या ओव्या म्हणणाऱ्या एखाद्या आजीला. ही माणसं चिकित्सक आवृत्तीसाठी थांबणार आहेत का? आवृत्तीला दहा वर्षं लागली तर अभ्यासाच्या दृष्टीने ती फार नाहीत. ऐंशीच्या घरातल्या माणसाला ती फार आहेत. पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात सोळाव्या शतकातल्या गोमंतकीय रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत लिहिलेल्या आजही शाबूत आहेत. कागद वाचला याचा आनंद मलाही आहे. पण त्या कथा सांगणाऱ्याचा सूर, तो कुठं थांबत होता आणि कुठं लोकांना हसवत होता, यातलं काही ब्रागात नाही आणि आता कुठंच नाही. कागद जपला म्हणजे सगळं जपलं असं मानणाऱ्यांनी ती हस्तलिखितं एकदा या नजरेने पाहावीत.

दुसऱ्या गटाची बाजू मात्र मी हलकी लेखत नाही. त्यांचा सगळ्यात जोरकस मुद्दा हा की पहिला प्रयोग हा पहिला ठसा असतो. दिग्दर्शकाने घाईत चुकीचं वाचलं, चार प्रवेश उलटसुलट लावले, तर पुढे तेच ‘मूळ नाटक’ म्हणून रूढ होतं. याला दाखला आहे आणि तो जबरदस्त आहे. जर्मन लेखक गेओर्ग ब्यूशनर १८३७ साली तेविसाव्या वर्षी वारला. मागे राहिले एका नाटकाचे सुटे, विस्कळीत कच्चे खर्डे. फ्रान्त्सोस नावाच्या संपादकाने फिकी शाई उठवायला त्यावर रसायनं लावली, दिसलं तसं वाचलं आणि १८७९ साली नाटक छापलं. नायकाचं नावच तो चुकीचं वाचून बसला: ‘वॉयत्सेक’चं ‘वॉत्सेक’ झालं. १९१३ साली म्युनिकला पहिला प्रयोग झाला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात आल्बान बर्गने ते नाटक पाहिलं, त्यावर ऑपेरा रचला, आणि १९२५ पासून तो ऑपेरा त्याच चुकीच्या नावाने जगभर चालू आहे. घाईने काय होतं, याचा याहून धडधडीत पुरावा नको.

पण ही गोष्ट जरा नीट उलगडून पाहा. चूक कुणाची? रंगमंचाची की आवृत्तीची? नाव चुकलं ते छापील आवृत्तीत, प्रयोगाच्या चौतीस वर्षं आधी. कागदावर रसायन ओतणारा संपादक होता, नट नव्हता. नाटक रंगमंचावर गाजल्यानंतर सातच वर्षांत, १९२० साली, हस्तलिखित नव्याने वाचून दुरुस्त आवृत्ती निघाली. प्रवेशांचा क्रम आजही कुणाला पक्का ठाऊक नाही, आणि दर दिग्दर्शक तो नव्याने लावतो. म्हणजे या दाखल्यातून ‘प्रयोग थांबवा’ असं निघत नाही. निघतं ते हे, की मूळ कागदाला काही करू नका आणि एका आवृत्तीला वेद मानू नका. ते मला मान्यच आहे. फोटो आधी, प्रयोग मग, असं मी सुरुवातीलाच म्हटलं ते याचसाठी. मोबाइलवर चार पानं टिपून वारसाला चहा पाजून निघणं म्हणजे फोटो काढणं नव्हे, हेही इथं सांगून ठेवतो.

आणि कर्ता कोण हे ठरल्याशिवाय नाटक करू नये, या आग्रहाला भासाचं उदाहरण पुरेसं आहे. भास म्हणजे कालिदासाने आदराने नाव घेतलेला, पण नाटकं हरवलेला नाटककार. त्रावणकोरात गणपतिशास्त्र्यांना ताडपत्रं मिळाली आणि १९१२ पासून तेरा नाटकं एकामागून एक छापली गेली. ती भासाची की नाही, यावर पंडित तेव्हापासून भांडत आहेत. दरम्यान कावालम नारायण पणिक्करांनी ‘मध्यमव्यायोग’ आणि ‘कर्णभार’ केलं, रतन थियामांनी मणिपुरात ‘ऊरुभंग’ केलं, आणि भारतीय रंगभूमीचा अलीकडचा इतिहास या प्रयोगांशिवाय लिहिता येत नाही. कर्तृत्वाचा निकाल लागेपर्यंत थांबले असते तर आजही थांबलेलेच असते. याहून दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. केरळातले चाक्यार हे परंपरागत नट कूडियाट्टम या संस्कृत नाट्यप्रकारात ‘प्रतिज्ञायौगंधरायणा’चा तिसरा अंक पिढ्यान्‌पिढ्या ‘मंत्रांक’ म्हणून करतच होते. विद्वानांच्या लेखी जे नाटक हरवलं होतं ते नटांच्या घरी नांदत होतं. हरवलं होतं ते कुणाला, असा प्रश्न पडतो. गोव्यात सत्तरीतलं रणमालें, पेडण्याचा दशावतार, गावोगावचा काला, पेरणी-गावड्यांचा जागर या लोकनाट्यांत किती हरवलेल्या नाटकांचे तुकडे गायले जात असतील? वही हातात घेऊन तिथं कुणी गेल्याशिवाय ते कसं कळणार?

कायदासुद्धा या बाबतीत माझ्या बाजूने बोलतो, ही गंमत आहे. लेखकाच्या मरणानंतर प्रसिद्ध झालेल्या कृतीला आपल्याकडे पहिल्या प्रकाशनापासून ६० वर्षं संरक्षण मिळतं, आणि त्या कलमात नाटकाचा जाहीर प्रयोग हेही प्रकाशनच धरलं आहे. कायदा करणाऱ्यांना जे उमजलं ते आपल्या परिसंवादांना उमजायला हरकत नसावी.

प्रयोग कसा करावा याबद्दल थोडक्यात. गॅसबत्त्या, दर्शनी पडदा, स्त्रीपार्टी करणारे पुरुष, सगळं जुन्यासारखं हवं असा हट्ट मला नाही. जमलं तर करा, नाहीतर एलईडीखाली करा. दमयंतीचा शोक दिव्याच्या जातीवर अवलंबून नसतो. पण जागा मात्र देवळाचा मांड, म्हणजे खेळ-नाटकं होतात ती देवळाची मोकळी जागा, असावी, निदान पहिल्या प्रयोगाला. जत्रेच्या, काल्याच्या रात्री आपल्याकडे जी नाटकं होतात त्यांचा प्रेक्षक रात्र जागवायला आलेला असतो. पद आवडलं तर ‘वन्समोअर’ मागतो, कंटाळला तर उठून फेरीत खाजें घ्यायला जातो. एखादं जुनं नाटक आज उभं राहतं की नाही, याची याहून चोख परीक्षा पणजीच्या वातानुकूलित सभागृहात प्रमुख पाहुण्यांच्या भाषणानंतर होणार नाही. कला अकादमीच्या वास्तूच्या डागडुजीवर आपण जेवढे तावातावाने बोललो, त्याचा दहावा हिस्सा जरी या वह्यांच्या तालमींवर बोललो असतो तर एव्हाना दोन-चार नाटकं उभी राहिली असती.

उरला एक आक्षेप, आणि तो मला सगळ्यात अवघड वाटतो. या नाटकांत खालच्या मानलेल्या जातींवरचे विनोद असतात, बायकांना हिणवणारी भाषणं असतात. ती देवळाच्या मांडावर, जिथं कोण कुठं बसायचं यावरून पिढ्यान्‌पिढ्या अपमान झाले, तिथं पुन्हा म्हणून दाखवायची? छापील आवृत्तीत तळटीप देता येते. प्रयोगात तळटीप नसते. तिथं हशा पिकतो आणि तो कुणाच्या तरी अंगावर जातो. हा आक्षेप ‘तो काळच तसा होता’ म्हणून झटकता येणार नाही. प्रयोगात ती भाषणं गाळावीत, पण गाळली हे जाहीर सांगून. आवृत्तीत मात्र एक अक्षरही गाळू नये. काय गाळायचं हे दिग्दर्शकाने एकट्याने ठरवू नये, मंडळात सगळ्या वाड्यांची माणसं असावीत आणि त्यांनी ठरवावं.

पण याच आक्षेपातून प्रयोगाच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण निघतं असं मला दिसतं. वही सापडते कुठं? ज्यांच्या घराला माळा होता तिथं. महाजनांच्या, भटांच्या, भाटकारांच्या म्हणजे जमीनदारांच्या घरी. लिहिता-वाचता येणं आणि कागद जपायला जागा असणं, दोन्ही त्यांच्याकडे होतं. चाली मात्र तिथं राहिल्या नाहीत. त्या राहिल्या देवळात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या घरांत, भजनी मेळ्यांत, दशावताराचा पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडणाऱ्यांत. नाटक अर्धं कागदावर आणि अर्धं या माणसांत आहे. आधी आवृत्ती काढली तर मुखपृष्ठावर लेखकाचं नाव येईल, संपादकाचं येईल, ऋणनिर्देशात वही देणाऱ्या घराण्याचं येईल, आणि चाल सांगणारा फार तर तळटिपेत ‘स्थानिक माहितगार’ म्हणून उरेल. प्रयोगात तसं करता येत नाही. त्याने चाल दिली नाही तर पडदाच उघडत नाही. म्हणून पहिल्या प्रयोगाच्या हँडबिलावर नाटककाराच्या नावाखाली चाली सांगणाऱ्यांची नावं यावीत, त्याच टायपात, आणि पुढे निघणाऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावरही. वही ज्यांच्या घरची आहे त्यांना हे पटणार नाही, अशी शक्यता आहे. मग भांडण त्यावर होऊ दे.